बुधवारी लिहिलेला शुक्रवार

आमच्या थोरल्या जाऊबाई दुकानात शिरल्या की दुकानदार आधी घड्याळाकडे बघतो. कारण त्या साबण मागत नाहीत, साबणाची जबानी घेतात. पिशवीतून भिंग निघतं, डबी उजेडाकडे तिरकी होते, आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेली यादी त्या ओठ हलवत शेवटपर्यंत वाचतात. मागे रांग लागते. कुणी घसा खाकरला तर मान न वळवता म्हणतात, "घाई असेल त्यांनी पुढे व्हा. मला एकच कातडी आहे, बदलून मिळत नाही." मग डबी जागेवर ठेवून काहीही न घेता बाहेर पडतात. दुकानदार एकदा मला म्हणाला, "नुसतं वाचायचंच असेल तर वाचनालय पुढच्या गल्लीत आहे, सांगा त्यांना." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकान बदलावं लागलं असतं, दुकानदाराला.

त्या जे शोधत असतात त्याचं नाव इतकं लांब आहे की म्हणून होईपर्यंत चार भांडी घासून होतील. घरात आम्ही त्याला टिकाऊराव म्हणतो. क्रीम नासू नये, शाम्पूला वास येऊ नये, रंगाच्या डब्यात बुरशी धरू नये म्हणून ते थेंबभर घालतात. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. पण एखाद्याच्या कातडीनं एकदा त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभराचं. जाऊबाईंच्या कातडीनं धरलं. भांड्यांचा साबण, ओले रुमाल, फरशी पुसायचं पाणी, डिंक, जिथे हात घालावा तिथे टिकाऊराव आधीच जाऊन बसलेले. आमच्या इमारतीचा जिना रंगवला तेव्हा त्यांनी रंगाला बोटही लावलं नव्हतं, नुसतं त्यातून वर-खाली केलं होतं. दुसऱ्या दिवशी पापण्या उघडेनात. पंधरा दिवस माहेरी जाऊन राहिल्या, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

ही कातडी अशी जन्मापासून नव्हती. ती अशी केली गेली, आणि कुणी केली ते मला माहीत आहे. त्या माणसाला मी इथे अहो-जाहो करणार नाही. समोर केलं तेवढं पुरे.

आम्ही दोघी वह्या-पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम करतो. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तीन टेबलं, कागद कापायचं यंत्र, आणि बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. मी कागदांच्या घड्या घालते. जाऊबाई शिवतात. मालकांनी एकदा त्यांचा टाका तिरका आहे असं म्हटलं होतं. जाऊबाई तेव्हा शिवत राहिल्या. चार वर्षांनी तेच पुस्तक फाटून दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनी मालकांना टेबलाशी बोलावलं. पुठ्ठा गेला होता, पानांचे कोपरे गेले होते, टाका जसाच्या तसा. "तिरका म्हणाला होता तुम्ही," एवढंच बोलल्या. मालक तेव्हापासून त्यांच्या टेबलाजवळून जाताना उगाच छताकडे बघतात.

पुस्तकाच्या कण्याला आमच्याकडे पाठ म्हणतात. नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच: नवं पुस्तक उघडताना दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं सोडत मध्यावर यायचं. धसमुसळेपणा करून एकदम फाकवलं तर पाठ त्या जागी मोडते, आणि मग ते पुस्तक मरेपर्यंत त्याच पानावर उघडतं. जाऊबाईंच्या हातून एकोणतीस वर्षांत एकही पाठ मोडली नव्हती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक परीक्षाघर आहे. कंपन्या आपली क्रीमं, पावडरी, साबण तिथे पाठवतात आणि ते माणसाच्या कातडीला सोसतात का हे तिथे बघतात. त्यांच्या नोंदवह्या दर तीन वर्षांनी आमच्याकडे बांधायला येतात. वह्या घेऊन आलेला कारकून एकदा सहज म्हणाला की त्यांना पाठी हव्या आहेत. निरोगी, डाग नसलेल्या आणि तीन आठवडे यायची तयारी असलेल्या. जाऊबाईंनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं वाकून या पाठीनं मला नुसतं दुखणं दिलं. आता तिनंही काहीतरी कमवावं." आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

तिथे बत्तीस जण होते. प्रत्येकाला क्रमांक, जाऊबाई एकोणीस. सोमवारी पाठीवर बारा चौकटींची चिकटपट्टी लावायची, प्रत्येक चौकटीत वेगळा माल. बुधवारी पट्टी काढून पाठ बघायची. शुक्रवारी परत बोलावून पुन्हा बघायची, कारण कातडी काही वेळा उशिरा बोलते. असं तीन आठवडे. हे बघायचं काम एका माणसाकडे होतं. त्याच्या वरच्या खिशात कायम पारदर्शक पट्टी असे, लाली उठली तर मिलिमीटरात मोजायला. सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. माणूस गोडबोल्या. पट्टी काढताना फुंकर घालायचा म्हणे.

पहिल्याच बुधवारी मोजपट्टीनं सगळ्यांच्या पाठी बघितल्या आणि म्हणाला, "छान आहेत. शुक्रवारच्या रकान्यातही आत्ताच सही करून जा, उगाच हेलपाटा कशाला?" बत्तीसच्या बत्तीस जणांनी त्याला दुवा दिला असेल. शुक्रवारी कामावरून सुटी काढून, शहर ओलांडून, कपडे उतरवायला कुणाला हौस असते? त्याला स्वतःलाही शुक्रवार मोकळा मिळाला. जाऊबाईंनीही सही केली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शुक्रवारी मला दोनशे वह्या शिवायच्यात. आयती सुटका होतेय तर मी का नको म्हणू?" दुसऱ्या बुधवारी पुन्हा केली. तिसऱ्या बुधवारीही. यात त्यांची चूक होती, आणि ती त्या कुणी म्हणायच्या आत स्वतः सांगतात.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या शिवता शिवता खुर्चीच्या पाठीवर पाठ घासायला लागल्या. शुक्रवारी सकाळी माझ्या दारात आल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बटणं काढ आणि बघ गं काय झालंय." स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही. म्हणून त्या पाठीची साक्षीदार मीच. अकरा चौकटी कोऱ्या होत्या. सातवी चौकट लालभडक, सुजून वर आलेली, तिच्यावर बारीक फोड, आणि कडा इतक्या सरळ की कुणी आखून रंगवली असावी. मी बोट जवळ नेलं तर न टेकवताच ऊब लागली.

"लगेच जाऊ," मी म्हटलं. आम्ही गेलो. परीक्षाघराला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला: गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची असल्यानं शुक्रवारी कार्यालय पूर्ण बंद राहील. जाऊबाईंनी तो कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि आम्ही परत आलो.

सोमवारी पुन्हा गेलो. तोवर फोड फुटून कपडा पाठीला चिकटायला लागला होता. मोजपट्टी टेबलामागे बसून होता. जाऊबाईंनी सांगितलं, मी बटणं काढायला लागले, तर तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. वही उघडून त्यानं बोट ठेवलं. "एकोणीस क्रमांक, शुक्रवार, चौकट सात, लाली शून्य. खाली सही तुमचीच ना?"

"सही बुधवारी घेतली होती तुम्ही."

"असं मी म्हणालो? लिहिलंय का कुठे?" तो हसला. "घरी काहीतरी लावलं असेल तुम्ही. फाइल बंद झाली आता, बाई. पाठ झाका, हा दवाखाना नाही."

खोलीत पुढच्या तुकडीचे पाच-सहा जण बसले होते. ते दुसरीकडे बघायला लागले. मी जाऊबाईंची बटणं लावली. सात बटणं होती, आणि संतापाच्या भरात एक राहून गेलं. बाहेर आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. जाऊबाई गप्प होत्या. त्यांना मी ओळखते. त्या बोलतात तेव्हा भिण्यासारखं काही नसतं.

पाठ महिन्याभरात बरी झाली, पण तोवर हात फुटायला लागले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून टिकाऊरावांचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं. म्हणाल्या, "सातव्या चौकटीत याचं प्रमाण जास्त असणार. एकदा ओळख पटली की कातडी विसरत नाही. आता हे जिथे असेल तिथे ती पेटणार." पहिलं पेटलं ते कामाच्या टेबलावर. आमच्या डिंकाच्या प्रत्येक डब्यात टिकाऊराव. ज्या हातांनी एकोणतीस वर्षं पुस्तकं बांधली त्या हातांना डिंक वर्ज्य झाला. मालकांनी त्यांना काढलं नाही, तो टाका कुठे मिळणार त्यांना? पण तेव्हापासून जाऊबाई सुती हातमोजे घालून शिवतात आणि चिकटवण्यासाठी रोज सकाळी घरून पिठाची खळ शिजवून आणतात. खळीत टिकाऊराव नाहीत, म्हणून ती संध्याकाळपर्यंत आंबते. "क्रीम टिकलं," त्या म्हणतात, "मी आंबले."

वर्षभरानं त्यांना नात झाली. नातीला उचलण्याआधी त्या आजही सुनेला विचारतात, "हिला काय लावलंय?" आणि बऱ्याचदा तसेच हात मागे घेतात. बाळ हात पसरून उभं असतं. हे बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जाते.

एक दिवस सुनेनं नवीन क्रीमची डबी आणली. लहान मुलांसाठी, पांढरी, वर ढगाचं चित्र. जाऊबाईंनी भिंग घेतलं. आधी त्यांनी झाकण उघडून लांबूनच वास घेतला, ओल्या बदामासारखा, आणि त्यांचा चेहरा बदलला. पट्टी काढताना सातव्या चौकटीला हाच वास यायचा. मग त्यांनी यादी वाचली. टिकाऊराव होते. मग मागची ओळ वाचली, मोठ्यानं वाचली: "माणसांच्या त्वचेवर तपासलेले. बत्तीस व्यक्ती, प्रतिक्रिया शून्य." खाली परीक्षाघराचा शिक्का.

"हे शून्य माझ्या पाठीवरचं आहे," त्या म्हणाल्या. "माझी पाठ दाखवून हे लहान पोरांना विकतायत." डबी त्यांनी फेकली नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली, समोर, रोज दिसेल अशी.

तिथून त्यांनी पाठपुरावा सुरू केला. कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं परीक्षाघराचा दाखला पाठवला. परीक्षाघराला लिहिलं. त्यांनी उत्तरात जाऊबाईंच्याच सहीची छापील प्रत पाठवली, दुसरा शब्द नाही. त्या दिवशी जाऊबाई मला म्हणाल्या, "मला भरपाई नको, माफी नको. त्यानं माझ्या पाठीवर जे होतं ते स्वतःच्या हातानं, शुक्रवारी लिहिलं पाहिजे. ते लिहीपर्यंत मी त्याची पाठ सोडत नाही." मी म्हटलं, त्यापेक्षा त्याच्या खुर्चीला सातव्या चौकटीचं क्रीम फासू. "फासलं तर तो आजारी पडेल," त्या म्हणाल्या. "मला तो आजारी नकोय. मला तो खोटा ठरलेला हवाय."

परीक्षेला तीन वर्षं झाली आणि परीक्षाघराचे गठ्ठे आमच्याकडे बांधायला आले. मोजपट्टी आता तिथला प्रमुख झाला होता. सरकारी तपासणी जवळ आली होती, त्यामुळे घाई होती. गठ्ठ्यांवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी: सर्व कागद तारखेप्रमाणे लावून पाच खंड बांधावेत. आमच्या टेबलावर कोण शिवतं हे त्याला माहीत नव्हतं. बांधणाऱ्या बाईचं नाव कोण विचारतं?

जाऊबाई तारखा लावत होत्या. नोंदींच्या कागदांत कार्यालयाची परिपत्रकंही मिसळलेली होती. रजा, नवे कुलूप, पंखे दुरुस्ती. त्यांचा हात एका कागदावर थांबला. त्यांनी मला बोलावलं नाही, नुसता हातमोजा काढून ठेवला. मी गेले. टाकी धुण्याचा कागद. शुक्रवारी कार्यालय पूर्ण बंद. खाली परीक्षाघराचा शिक्का, आणि वाचल्याची सही मोजपट्टीची. दारावरचा कागद कधीच फाडून टाकला असणार, पण त्याची कार्यालयीन प्रत इथे आमच्या टेबलावर पडली होती. आणि त्याच शुक्रवारच्या तारखेखाली, दुसऱ्या गठ्ठ्यात, बत्तीस पाठींची नोंद होती. बत्तीस शून्यं, बत्तीस सह्या. कुलूप लावलेल्या खोलीत मोजलेल्या.

"प्रत काढू आणि पळू," मी म्हटलं.

"प्रत दाखवली तर म्हणतील, बाईनं बनवली. राहू दे त्यांच्याच पुस्तकात." त्यांनी चिठ्ठी मला वाचून दाखवली, "तारखेप्रमाणे. त्यानंच लिहिलंय ना? मग तारखेप्रमाणेच लावू. मी एका अक्षराला हात लावणार नाही."

तारखेप्रमाणे टाकीचा कागद डाव्या पानावर आला आणि शुक्रवारची नोंद त्याच्यासमोर उजव्या पानावर. जाऊबाईंनी दोन्ही पानं दुहेरी दोऱ्यानं शिवली. नंतर एखाद्याला त्यातलं एक काढावंसं वाटलं असतं तर अख्खा खंड उसवावा लागला असता. पाचही खंड शिवून, पुठ्ठे चढवून झाले. मालक म्हणाले, पोचवून येऊ का. जाऊबाई म्हणाल्या, "खळ आहे, डिंक नाही. वाळायला वेळ लागतो. तपासणीच्या दिवशी सकाळी मी स्वतः नेईन." मालक छताकडे बघत हो म्हणाले. खळ दोन दिवसांत वाळते, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

आदल्या दुपारी त्यांनी शिकंज्यातून पहिला खंड काढला. टेबलावर ठेवला. मधोमध नेमकं पान शोधलं, दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना टेकवले आणि सगळं वजन टाकलं. कट् असा आवाज आला. आमच्या खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या, कारण तो आवाज आमच्याकडे कपबशी फुटल्यासारखा ऐकला जातो. जाऊबाईंनी खंड मिटला आणि उभा धरून सोडला. तो टाकीच्या पानावर उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा तिथेच. "एकोणतीस अधिक तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "पहिलीच पाठ." मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी माझ्या घड्यांत मान घातली, नाहीतर रडले असते.

तपासणीला आलेल्या मॅडम सडपातळ, मितभाषी. मोजपट्टीनं आम्हाला ओळखलं नाही. खंड मिळाल्याची सही करताना म्हणाला, "ठेवा तिथे आणि निघा." जाऊबाईंनी खंड टेबलावर रचले, पहिला सगळ्यात वर, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी वरचा खंड ओढला आणि पुठ्ठा उचलला. पुस्तक आपणहून उघडलं.

त्यांनी डावं पान वाचलं. उजवं वाचलं. पुन्हा डावं. "शुक्रवारी कार्यालय बंद होतं?"

मोजपट्टीनं वाकून बघितलं. "कारकुनाची चूक असेल तारखेत," म्हणाला, आणि घाईनं पुस्तक मिटून दुसरीकडे उघडायला गेला. हात काढताच पानं फडफडत परत त्याच जागी. त्यानं तळहातानं दाबून धरलं. मॅडम त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मला हसू आवरेना, मी तोंडावर रुमाल धरला.

"एकोणिसावी सही माझी आहे, मॅडम," जाऊबाई दारातून म्हणाल्या. "शुक्रवारची. केली बुधवारी."

मग सगळं सांगून झालं. मॅडमनी नोंदी उलटून इतर शुक्रवारही बघितले. एकच पेन, एकच शाई, बुधवार-शुक्रवार एका दमात लिहिलेले. मोजपट्टीची जीभ मात्र शाबूत होती. "पद्धतीत ढिलाई झाली, मान्य," तो म्हणाला. "पण म्हणून लाली होती असं कुठे सिद्ध होतं? या बाईंच्या सांगण्यावरून?"

"परत चिकटवा," जाऊबाई म्हणाल्या.

 डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, करता येईल, पण हात पुन्हा फुटतील, आणि मागच्यापेक्षा जास्त फुटतील. मी जाऊबाईंना कोपऱ्यात ओढलं. म्हटलं, "झालं ना मनासारखं? तो तर गेलाच आता. कशाला स्वतःला जाळून घेता?"

"तो ढिला ठरला. खोटा नाही ठरला," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, पाठ वाचायची ती शुक्रवारी. आणि वाचणार हाच."

पुढच्या सोमवारी, त्याच खोलीत, दुकानातून आणलेली पांढरी डबी मॅडमच्या समोर उघडली. एकच चौकट लावली, सातव्या जागी. बुधवारी पट्टी काढली. पाठ जवळजवळ स्वच्छ होती, नुसती एक फिकट सावली. मोजपट्टीच्या चेहऱ्यावर रंग आला. "बघा," तो म्हणाला, "मी म्हणत होतो." मॅडमनी नोंदवही मिटली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. "शुक्रवारी भेटू," म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी माझा धीर सुटला होता. तीन वर्षांत कातडी विसरली असेल तर? ज्या पाठीवर एवढं सगळं उभं केलं तिनंच दगा दिला तर? गुरुवारी सकाळी मी जाऊबाईंची बटणं काढली. पाठ गुलाबी झाली होती. दुपारपर्यंत लाल. त्यांच्या बोटांच्या पेरांतून पाणी यायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्या वेदनेनं ओठ चावत होत्या आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. माझी मला लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

शुक्रवारी खोलीत मॅडम होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, परीक्षाघराचे मालक होते. मोजपट्टी उशिरा आला. जाऊबाई स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या. मी बटणं काढली, सातही, सावकाश. सातवी चौकट उठून वर आली होती, लालभडक, कडा सरळ, वर फोड. मला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता, आणि जाऊबाईंना तो दिसणार नव्हता, म्हणून मी त्यांच्या वाट्याचंही बघून घेतलं. चेहऱ्यावरचं पाणी उतरलं होतं.

"वाचा," जाऊबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

त्यानं खिशातून पट्टी काढली. वाकला. पट्टी त्याला दोनदा टेकवावी लागली. "चौदा मिलिमीटर," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"चौदा मिलिमीटर. सूज आहे. फोड आहेत."

"लिहा."

मॅडमनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता.

"वार लिहिला?"

"लिहितो." त्यानं शुक्रवार लिहिलं. सही केली. पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "झाका आता पाठ त्यांची."

मी बटणांना हात घातला. जाऊबाईंनी खांद्यावरून हात मागे आणून माझं बोट धरलं. त्यांचा हातमोजा ओला लागला.

"थांब," त्या म्हणाल्या. "एकाच शुक्रवारचं झालं. तीन वर्षांमागचा राहिलाय." आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच त्याला म्हणाल्या, "पुन्हा मोजा."

तो पुन्हा वाकला.